खांबावर चढता येतं

"काय मर्द हायेत बे!" हे वाक्य आमचा वायरमन रोज सकाळी टीव्हीवरचे हल्ले पाहून एकदा तरी म्हणायचा आणि मग तंबाखू थुंकायचा. वाक्य कौतुकाचं वाटतं. पण ती पिचकारी पाहिली, की कौतुक कुणाचंच नाही हे कळायचं.

केजला वीज उपकेंद्रात मी ऑपरेटर होतो, तो लाइनवर. समोरच्या चहाच्या हॉटेलात टीव्ही असे. युक्रेनमधलं एखादं वीजकेंद्र क्षेपणास्त्राच्या हल्ल्यात जळताना दाखवलं, की चहा पिणारे पुढं सरकून बसत. तुम्हीही पाहिले असतील असे लोक. युद्ध तिकडं, चेव इकडं. एकदा एक गुरुजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "काय नेम हाय राव!"

"नेम?" आमच्या वायरमननं कप खाली ठेवला. "गुरुजी, ट्रान्सफॉर्मर पळतो का? बांधलेल्या बैलाला धोंडा मारायला कसला आलाय नेम?"

शाळेची वेळ झाली म्हणून गुरुजी उठले. रविवार होता.

त्याचा राग ऐकीव नव्हता. एका उन्हाळ्यात वावटळीनं लाइन पाडली. गावातल्या लहान दवाखान्यात अपुऱ्या दिवसांची एक मुलगी काचेच्या पेटीत होती आणि जनरेटर सुरू होईना. हा तापानं फणफणलेला, तरी भर दुपारी खांबावर चढला. वीज आली. त्या मुलीचा बाप पाया पडायला वाकला, तर यानं त्याला ढकलूनच दिलं. "आदी लेकराकडं पळ की!"

पुढं आमच्या पुढाऱ्यालाही युद्धाचा कळवळा आला. चौकात मंडप उभा राहिला. बॅनरवर पुढाऱ्याचा चेहरा दारापेक्षा मोठा आणि युक्रेनचं स्पेलिंग चुकलेलं. लोकांनी 'अंधारातल्या बांधवांसाठी' मेणबत्त्या आणून दिल्या. वीज खात्याचा माणूस म्हणून याला मंचावर बसवलं. हातात माइक येताच यानं विचारलं, "ह्या मेणबत्त्या कोणत्या पत्त्यावर जानार हायेत?"

पुढारी हसला, म्हणून कार्यकर्ते हसले. पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. मेणबत्त्या गेल्या त्या पुढाऱ्याच्या माडीवर.

खऱ्या मदतीची बातमी मात्र तो कान देऊन ऐके. काही देशांनी आपल्या बंद केंद्रांतली यंत्रं सोडवून तिकडं पाठवली, हे ऐकून तो थुंकला नाही. "ह्याला म्हनत्यात सोयरा," एवढंच म्हणाला.

मग एक दिवस टीव्हीवर सांगितलं, की दुरुस्तीला आलेल्या कामगारांवर त्याच जागी पुन्हा हल्ला झाला. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. तो उठला. चहा तसाच ठेवून माझ्यापाशी आला.

"सायेब, एक अर्ज लिहून द्या. मला तिकडं दुरुस्तीला पाठवा म्हनावं."

मी हसलो. सगळं हॉटेल हसलं. त्या हसण्यात माझा आवाज मोठा होता, याची आज मला किळस येते.

तरी अर्ज लिहिला. एसटीनं दोघं बीडला कलेक्टर कचेरीत गेलो. कारकुनानं अर्ज दोनदा वाचला.

"पासपोर्ट आहे का?"

"न्हाई."

"इंग्रजी?"

"न्हाई."

"मग येतं काय तुम्हाला?"

"खांबावर चढता येतं."

कारकून हसला नाही. त्यानं मुकाट्यानं शिक्का मारून पोच दिली. परतताना मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"लई वाटती," तो म्हणाला. "पर त्यांनाबी वाटतच असंल की. तरी चढत्यात न्हवं?"

अर्जाचं उत्तर काही आलं नाही. हॉटेलात पुढाऱ्याची माणसं त्याला 'फॉरेन रिटर्न' म्हणू लागली. तो त्यांच्याकडं पाहायचाही नाही. निवृत्तीला चार महिने उरले असताना, ड्युटीवर निघता निघता तो घराच्या उंबऱ्यात कोसळला. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

तेरावा झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं पेटीतून एक जाड लोकरी स्वेटर काढून माझ्यासमोर ठेवला. दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. आमच्याकडं असला स्वेटर कुणी अंगाला लावत नाही.

"तिकडं बरफ पडतो म्हनून बीडहून आनलता," ती म्हणाली. "एकदा घालून तर बघा म्हनलं. तर म्हनले, आता नगं, हितं उकडतंय."