वयनीला खुनी ठरवा हो!

आमच्या मंडळाने एक विनोदी संगीत खूननाट्य बसवलं होतं. होमस्टेचा मालक सोलकढीच्या टोपात तोंड बुडवून मेलेला सापडतो, त्याची बायको आणि आचारी धरून चौघांवर संशय येतो आणि खुनी कोण ते प्रेक्षकांनी हात वर करून ठरवायचं. ज्याला जास्त हात, तो गाऊन गुन्हा कबूल करणार. म्हणजे शेवट चार आणि गाणी चार. पेटीवर मी. चार चाली बसवताना माझ्या बोटांचं काय झालं, ते कोणी विचारत नाही!

मेलेल्याची बायको झाली होती आमची वयनी. ती मालवणच्या बाजारात मासे विकते. सगळं गाव तिला वयनीच म्हणतं. पहाटे लिलावाला जायचं, दुपारपर्यंत पाटीसमोर बसायचं आणि तरी संध्याकाळी तालमीला सगळ्यांच्या आधी हजर. चार महिने त्या एका गाण्यासाठी तिने जिवाचं रान केलं. काय तो आवाज! ती गायला लागली की आपण पेटी नव्हे, खोकं वाजवतोय असं मला वाटे.

आणि प्रयोग सुरू झाले, तर बाईला कोणी खुनी म्हणेना! विधवा होऊन ती अशी रडे की पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावत. कणकवलीत तेच, सावंतवाडीत तेच. मालवणात तर एकाने उठून सांगितलं, "वयनीक खुनी म्हटलंय तर उद्या माका बांगडे कोण देतलो?" दर वेळी आचारी खुनी ठरायचा आणि तोच गायचा, तेही बेसूर. माझं डोकं फिरायचं. वयनी मात्र विंगेत उभी राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवायची. एकदाच मला म्हणाली, "माजा गाणा पोटातच रवतला रे."

शेवटचा प्रयोग मसुऱ्यात, शाळेच्या सभागृहात होता. वयनीसाठी हात किती? अडीच. अर्धा म्हणजे एका म्हातारीने वर केला आणि लगेच खाली घेतला. आचारी घसा खाकरू लागला. तेवढ्यात वयनी पुढे आली, हात जोडले आणि चक्क गाऱ्हाणं घालायला लागली. देवाला नव्हे, प्रेक्षकांना!

"बा मायबाप रसिका म्हाराजा!"

आमच्याकडे गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडतं. सगळं सभागृह एका दमात ओरडलं, "व्हय म्हाराजा!"

"आज तुजी सगळी लेकरां हंयसर जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"तर जो काय खून झालो, तो ह्या बायलेनच केल्यान असां समजान, तिका तिचा गाणा म्हणूक दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ओरडून झाल्यावर लोकांना कळलं आपण काय बोललो ते. काय हशा उसळला म्हणता! पण शब्द गेला तो गेला. आचारी मुकाट खाली बसला. शाब्बास गो बाये, म्हणत मी भाता मारला.

वयनी गायली. नवऱ्याला का मारलं ते सांगणारं हसण्याचंच गाणं ते, आणि लोक हसलेही. पण दुसऱ्या कडव्यापासून नुसते ऐकत राहिले. गाणं संपलं. आता पडदा पडायचा, आणि नाटकही कायमचं संपायचं. वयनीने माझ्याकडे न बघता हाताने खूण केली, परत. संहितेत तसं काही नव्हतं. मी पडदेवाल्याला थांब म्हटलं आणि पहिल्यापासून वाजवायला घेतलं.