उमाक्काला हरायला आवडायचं

उमाक्का हरली की हसायची. पदर तोंडाला लावून, खुर्चीत मागे रेलून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. राजारामपुरीच्या एका गल्लीत तिच्या सासऱ्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि त्याच्या माडीवर तिचं गेम पार्लर. चाळिशीला टेकलेली बाई, कपाळाला विभूती, अंगावर इरकल साडी आणि हातात खेळाचं ते यंत्र, ज्याला तिथे सगळे रिमोट म्हणत. गिऱ्हाईक कमी असलं की ती स्वतःच खेळायला बसायची. पडद्यावरचा तिचा योद्धा दरीत कोसळला की "मेले की रं परत!" असं ओरडायची, शेजारच्याच्या पाठीत थाप घालायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो तिचं पार्लर बंद पाडायला. 'तरुणांनो, हातातला रिमोट फेका!' असं पत्रक मी लिहिलं होतं आणि गल्लोगल्ली वाटत होतो. तिने खेळ थांबवून ते उभ्या उभ्या वाचलं.

"कुणी लिवलंय?"

"मी."

"पयली वळ झ्याक हाय. दुसऱ्या वळीपासनं तू मास्तर झालास." तिने ते पत्रक भिंतीला चिकटवलं, अगदी टीव्हीच्या शेजारी. मग एक रिमोट माझ्या हातात दिला. "बसा पत्रकवाले. फेकायच्या आधी धरून तर बघा."

शाळेच्या गणवेशातल्या एका पोरीने मला काही क्षणांत लोळवलं. मी म्हणालो, या खेळाचे नियमच अन्यायी आहेत. अख्खं पार्लर खिदळलं. "बघा गं," उमाक्का म्हणाली, "हरलं की लगीच अन्याय! आता मोर्चा काढतंय बघा हे." त्या दिवसापासून माझं नाव पत्रकवाले पडलं ते पडलंच.

नाव खोटं नव्हतं. उचगावच्या आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील फौंड्रीत कामाला आणि युनियनचे चिटणीस. मला अक्षरओळख झाली ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. आमच्या पत्रकांत कामगार नेहमी जिंकत आलेला असायचा किंवा जिंकणार असायचा. मी लेखक होणार हे मी तेव्हाच ठरवलं होतं, आणि कॉलेज संपल्यावर वडिलांकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. वर्षभरात लिहिण्यातून पोटापुरतं मिळालं तर ठीक, नाहीतर फौंड्रीच्या ऑफिसात रुजू व्हायचं.

उमाक्काही लिहिते हे मला नंतर कळलं. ती जयसिंगपूरची, माहेर व्यापाऱ्यांचं. घरात कन्नड, बाजारात मराठी, कॉलेजात बी.कॉम. गोष्टी मात्र ती मराठीत लिहायची, मोबाइलवर, अंगठ्याने, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. मी सकाळी स्नान करून, टेबल पुसून, खिडकी बंद करून बसायचो आणि दुपारपर्यंत मला एक वाक्य पटायचं नाही. ती "ए, तुझा टाइम संपला, ऊठ" असं म्हणता म्हणता एक पान लिहून मोकळी व्हायची. मत्सर माझ्या विचारांत बसत नव्हता. दुसऱ्याकडे जास्त आहे म्हणून जळणं ही बाजारपेठेची शिकवण आहे, असं मी एका पत्रकात लिहिलंही होतं. तरी मी जळत होतो.

एकदा तिला म्हणालो, "आज लिहायची इच्छाच होत नाहीये. प्रेरणा टिकत नाही."

"व्हय? मला बी सकाळी शटर उघडू वाटत न्हाय. मग काय करू, मूड ईल म्हणून जिन्यात बसू?"

"लिहिणं वेगळं असतं, अक्का."

"तुझं येगळं असंल. माझं शटरच हाय."

गोष्ट तपासायची तिची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. पार्लर भरलेलं असताना, मोटारींचे आणि गोळीबाराचे आवाज चालू असताना, ती एका कोपऱ्यात बसून आपली गोष्ट मोठ्याने वाचायला लागायची. कुणाला 'ऐका' म्हणायची नाही. खेळणाऱ्यांपैकी एकाने जरी खेळ थांबवून मान वळवली, तर गोष्ट जिवंत. कुणीच थांबलं नाही तर ती हसायची, "मेली!" म्हणायची आणि सगळी गोष्ट पुसून टाकायची. दुरुस्त करायची नाही, पुसायची. मग पुन्हा पहिल्या वाक्यापासून. मला ते पाहवत नसे. तिने पुसलेली पानं मला मिळाली असती तर मी नाव कमावलं असतं.

एकदा तिने मलाही वाचायला लावलं. ऊसतोड कामगारांवरची माझी कथा होती, मी घसा ताणून वाचत होतो. तिसऱ्या परिच्छेदाला एकाने हाक मारली. मी आशेने थांबलो.

"दादा, जरा बाजूला सरका की. टीव्ही दिसंना झालाय."

उमाक्का त्यावर हसली नाही, हे मला जास्त लागलं.

मग ती जाहिरात आली. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीला मराठीत खेळ काढायचे होते आणि त्यासाठी एक लेखक हवा होता, एकच. आपल्या भागातला कुठलाही प्रसंग घेऊन त्यावर खेळाची मांडणी लिहून पाठवायची होती. माझं वर्ष संपत आलं होतं. ज्या खेळांविरुद्ध मी पत्रक काढलं त्यांच्याच दारात उभं राहायचं, याची लाज वाटली. पण लेखक म्हणून पगार मिळण्याची तेवढी एकच वाट दिसत होती. मी जाहिरात उमाक्काला दाखवली, कारण खेळ कसा रचतात ते मला तिच्याकडूनच शिकायचं होतं. तिने शिकवलंही, हातचं काही राखलं नाही. शेवटी म्हणाली, "मी बी पाठवणार हाय बरं का. आत्ताच सांगते, मागनं तोंड फुगवू नकोस."

मी साखर कारखान्यातला संप घेतला. मोळ्या, वजनकाटा, मुकादम, सगळं अभ्यास करून लिहिलं. पाठवण्याआधी तिला दाखवलं. ती बराच वेळ वाचत बसली.

"चुकीचं बटन दाबलं तर काय हुतं रं ह्यात?"

"कामगार जिंकतात."

"आणि काहीच दाबलं न्हाय तर?"

"तरी शेवटी जिंकतात. इतिहासाची दिशाच तशी आहे."

"मग खेळणाऱ्यानं बसायचं कशाला? त्याला च्या पाजून घरला पाठव की."

मी चिडलो. म्हणालो, माझ्या माणसांचा पराभव मी माझ्या हाताने लिहिणार नाही, करमणुकीसाठी तर मुळीच नाही. तिने मान हलवली आणि तिचं लिखाण माझ्यापुढे धरलं.

तिने आमचं एसटी स्टँड घेतलं होतं. जयसिंगपूरची गाडी लागते, लोक धावतात, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. खेळणारी एक सासुरवाशीण, माहेरी निघालेली. तिने रुमाल नेमका टाकून जागा मिळवली तर ती बसते, डोळा लागतो, गाव येतं आणि खेळ संपतो. जागा हुकली तर ती उभी राहते. मग शेजारी उभी असलेली माणसं बोलायला लागतात. एका म्हातारीची पिशवी धरायला मिळते, कंडक्टर कुणाचं लग्न मोडल्याचं सांगतो, आणि माहेरच्यांनी तिच्यापासून काय लपवलंय ते तिला हळूहळू उमगत जातं. जो जागा जिंकेल त्याला गोष्ट कधीच कळणार नाही.

ती मांडणी वाचताना माझे कान तापले. जयसिंगपूरच्या त्या गाडीत मीही उभा राहिलो होतो, कितीदा तरी, आणि प्रत्येक वेळी फक्त एसटीच्या दुरवस्थेवर पत्रक काढायचं ठरवलं होतं.

नोकरी तिला मिळाली. सांगायला तिने फोन केला नाही, उचगावला घरी आली, माझ्या आईच्या हातचा चहा प्याली आणि तोंडावर सांगितलं. मी "अभिनंदन" म्हणालो. "तोंड फुगलंय बघा ह्याचं," ती आईला म्हणाली, "मी आदीच बजावलंतं." आई हसली. मी हसलो नाही.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी पार्लरवर गेलो. तिचे दीर टीव्ही उतरवत होते, खालून दुकानातल्या बियाण्यांचा वास येत होता. ती वायरी गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "तुझी माणसं लई चांगली हायत रं. माझ्यापेक्षा चांगली. खरंच सांगते. त्यास्नी जरा हरू दे."

"हरायला त्यांना तुझी परवानगी लागत नाही. रोज हरतातच."

"मग तू लपवतोयस कशाला?"

मी तिच्या हातातली वायर ओढून घेतली आणि गुंडाळत बसलो.

आता मी फौंड्रीच्या ऑफिसात जातो. तिचा खेळ निघाला आहे. ऑफिसातली पोरं डब्याच्या सुट्टीत तो खेळतात, एकमेकांना "जागा धरू नको रं, गोष्ट जाईल" असं सांगतात, आणि माझा घास तोंडात फिरतो.

पण मी तो कारखान्यातला संप पुन्हा लिहिला, पहिल्या वाक्यापासून. या वेळी संप फुटू दिला. माणसं एकेक करून, खाली मान घालून गेटातून आत जाताना लिहिली. ते मी वडिलांना वाचायला दिलं. पत्रकातला एक काना चुकला तरी ओरडणारे वडील, शेवटचं पान वाचून झाल्यावर चष्मा काढून पुसत म्हणाले, "आमचा फौंड्रीतला संप असाच फुटलेला, त्ये तुला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या घरातल्या प्रत्येक पत्रकात तो संप जिंकलेलाच होता. वडील बोलायला लागले. पहिला कोण आत गेला, त्याला कुणी शिव्या दिल्या, आणि शिव्या देणारा दुसऱ्या दिवशी कसा गेला. इतक्या वर्षांत ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते.

त्याच आठवड्यात उमाक्काचा फोन आला. मागे पुण्याच्या रहदारीचा आवाज होता. तिने आईची, वडिलांची चौकशी केली, मग विचारलं, "काय लिवतोयस पत्रकवाले?"

वडिलांनी सांगितलेलं सगळं माझ्या ओठांवर होतं. मी गिळलं. तिला सांगितलं असतं तर तिने ते माझ्याआधी लिहिलं असतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं.

"काही नाही," मी म्हणालो.

"खोटं बोलतोयस," ती म्हणाली. आवाज खूश होता. "बरं हाय. सांगू नको. लिव."