राहत्या घराचं कलम

माझे वडील वकील होते आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत खासदार झाले. आम्ही अंधेरीला, आजोबांनी बांधलेल्या बैठ्या घरात राहायचो. वडील दिल्लीला असले की घर आई आणि आत्या चालवायच्या. आत्या ही वडिलांची धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याने लग्नानंतर थोड्याच वर्षांत दुसरी बायको केली आणि आजोबा जाऊन तिला घेऊन आले. हे सगळं माझ्या जन्माआधीचं. त्यामुळे आत्या आमच्याकडे का राहते, असा प्रश्न मला कधी पडलाच नाही. ती होतीच.

मी कायद्याचं शिक्षण घेत होते तेव्हा मुलींना वडिलांच्या मिळकतीत वाटा देणारं बिल संसदेत आलं. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि समितीत वडिलांचा समावेश झाला. बिलाचं एकेक कलम घेऊन त्यावर खल करायचा आणि दुरुस्त्या सुचवायच्या, हे समितीचं काम. वडील ते मनापासून करत. घरी आले की रविवारी सकाळी व्हरांड्यात लोकांना भेटायचे आणि बिलाबद्दल त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचे. मी शेजारी बसून टिपणं काढायची.

मुलुंडहून काही वकीलमंडळी आली. मुलीला वाटा दिला की जावई दारात येऊन उभा राहील, असं त्यांचं म्हणणं. मरोळचे एक बागायतदार नुसतेच रागावून गेले. पण वडिलांच्या मनाला लागलं ते गिरणीतून निवृत्त झालेल्या, तीन मुली आणि एक मुलगा असलेल्या एका मालवणी आजोबांचं बोलणं. ते हात जोडून म्हणाले, "साहेब, माका तीन चेडवां, झील एकच. गावात घरय एकच. तां चौगांनी कसां वाटूचां?"

त्या दुपारी जेवताना वडिलांनी सांगून टाकलं की, मुलींना वाटा मिळायलाच हवा, पण राहतं घर त्यातून पूर्ण वगळावं, अशी दुरुस्ती ते सुचवणार आहेत. मी खूप वाद घातला. घर सोडलं तर बहुतेक कुटुंबांकडे वाटायला उरतं काय, असं मी विचारलं. ते शांतपणे म्हणाले, मोडलेली घरं तू अजून पाहिलेली नाहीस. आत्या वाढत होती.

पुढच्या रविवारी मी व्हरांड्यात आले तर भेटायला आलेल्या माणसांच्या बाकावर, दोन गृहस्थांच्या पलीकडे, आत्या बसलेली. बाहेर जायचं पातळ नेसली होती. वडिलांना वाटलं, घरातलं काही काम असेल. त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली की तिचा नंबर लागला की ती सांगेल. ते दोन गृहस्थ अवघडले. त्यांनी आपलं बोलणं आवरतं घेतलं आणि निघून गेले. मग आत्या उठून वडिलांच्या समोरच्या खुर्चीत बसली.

"दादा, तू आमचा खासदार आहेस. मीही मत दिलंय. बाकीच्यांचं ऐकतोस तसं माझं ऐक."

वडील हसले. ती हसली नाही, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि बोल म्हणाले.

"राहतं घर वगळलंस, तर नवऱ्याने टाकलेल्या बाईने जायचं कुठे?"

"अगं, तुला कोण जा म्हणतंय? हे घर तुझंच आहे."

"तू म्हणतोस म्हणून आहे. तू चांगला आहेस. नसतास तर?"

ती पुढे हळू आवाजात म्हणाली, "मी रोज सकाळी उठले की आधी वहिनींचा चेहरा बघते. त्यांनी कधी वाकडा केलेला नाही. तरी बघते."

आई आतल्या दाराशी उभी होती. तिने ते ऐकलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. मग वडिलांनी विचारलं, "हे मी समितीत सांगू?"

"नाव न घेता सांग," आत्या म्हणाली आणि पातळ बदलायला आत गेली.

समितीत काय झालं ते वडील आम्हाला जेवढं सांगण्यासारखं तेवढंच सांगत. घराच्या कलमावर फार घासाघीस झाली. घराला वेगळा नियम नको, असं काहींचं म्हणणं. घराला हातच लावू नका, असं काहींचं. शेवटी निघाला तो मधला मार्ग. मुलीचा घरात वाटा राहील, पण भाऊ वाटणी करेपर्यंत तिला ती मागता येणार नाही. मात्र मुलगी अविवाहित असेल, विधवा असेल किंवा नवऱ्याने टाकलेली असेल, तर तिला त्या घरात राहण्याचा हक्क असेल. वडील या शेवटच्या वाक्यासाठी भांडले होते. मला ते तरीही अपुरं वाटलं आणि मी तसं बोलले. आत्याने मला मधेच थांबवलं. ती म्हणाली, "अपुरं आहे, कळतं मला. पण काल एवढंही नव्हतं."

बिल लोकसभेत चर्चेला आलं तेव्हा वडिलांनी मला आणि आत्याला दिल्लीला बोलावून घेतलं. आम्ही प्रेक्षकांच्या सज्जात बसलो. बहीण भावाविरुद्ध कोर्टात गेली तर भाऊबीज कसली राहणार, असं एक सदस्य गहिवरून म्हणाले. आत्या ते कान देऊन ऐकत होती. एवढ्या चर्चेनंतर कलम मतास टाकलं तेव्हा खालून 'हो'चा गलका झाला, काही 'नाही' ऐकू आले, आणि अध्यक्ष पुढच्या कलमाकडे वळले. आत्याने माझ्याकडे बघितलं. "झालं?" मी म्हटलं, झालं.

संध्याकाळी वडिलांच्या क्वार्टरमध्ये चहा घेताना मला राहवेना, म्हणून मी वडिलांना विचारलं की आपल्या घराचं काय, ते आत्याला त्यांनी सांगितलं आहे का. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि मग तिला समजावलं. कायदा लागू होईल तो यापुढे जे वारतील त्यांच्या मिळकतीला. आजोबांना जाऊन तर कितीतरी वर्षं झाली होती. आमच्या घरात आत्याला या कायद्याने काहीच मिळणार नव्हतं.

आत्याने कप खाली ठेवला. "म्हणजे मी बोलले ते माझ्या कामाचं नव्हतंच."

"नव्हतं," वडील म्हणाले. "मला तेव्हाच माहीत होतं. सांगायचा धीर झाला नाही."

ती म्हणाली, "बरं झालं नाही सांगितलंस. मग मी त्या बाकावर बसलेच नसते."

ती रडली नाही, पण त्या रात्री जेवलीही नाही.

अंधेरीला परतल्यावर विषय काढला तो आईने. मला वाटलं होतं, वडील काढतील. ती मला म्हणाली की घराच्या मागच्या दोन खोल्या वन्संच्या नावावर कराव्यात असं तिच्या मनात आहे; मी एकुलती एक, तेव्हा माझं काही म्हणणं असेल तर आत्ताच सांगावं. माझं काय असणार? वडिलांनी स्वतः बक्षीसपत्र लिहिलं. आत्या आधी नको म्हणाली. त्यावर आई तिला एवढंच म्हणाली, "वन्सं, माझ्यासाठी घ्या."

आत्याने मागच्या बाजूला स्वतंत्र दार काढून घेतलं. एक खोली तिने हॉस्पिटलात नर्स असलेल्या एका मुलीला भाड्याने दिली. पुढे कपडे वाळत घालायच्या दोरीवरून तिचं आणि आईचं कडाक्याचं वाजलं. इतक्या वर्षांत त्या दोघींना भांडताना मी प्रथमच ऐकत होते. दोघी चांगल्या मोठ्याने बोलत होत्या, आणि कुणीच माघार घेत नव्हतं. वडील व्हरांड्यातून उठून मधे पडायला निघाले होते. मी त्यांना हाताला धरून परत बसवलं.