धुतलेला कळणा

गेल्या दिवाळीत इथे ग्रुपवर तिघा-चौघांनी विचारलं होतं की धुळ्याहून असोद्याला भरताची वांगी आणायला कधी जावं, कसं जावं आणि घरी काय काय करून खावं. उत्तर द्यायला वर्ष गेलं. माफी असावी. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. हाताने लिहितो, खोडतो, मग नात टाइप करते. त्यात हे चुकेल, ते राहील, अशी धास्ती. शिवाय मी सांगतोय ती फेरी नव्वद सालच्या आसपासची आहे, त्यामुळे तिकिटाचे दर माझ्या भरवशावर धरू नका.

त्या साली आमच्या सौभाग्यवतीला टायफॉइड झाला. ताप तीन आठवड्यांनी उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. मऊ भात, खिमटी, मुगाचं पाणी, काही नको. दोन घास घेऊन ताट सरकवायची. डॉक्टर म्हणाले, "आता औषध नाही, अन्न पाहिजे. तेल-तिखट बेताने, बाकी जे मागेल ते द्या." पण ती मागतच नव्हती. शरीर असं उतरलं की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. मला झोप लागत नव्हती. एका सकाळी ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "कळण्याची भाकर असती तर खाल्ली असती. अन् आमच्या असोद्याचं भरीत."

कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकटचे काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ. दळतानाच त्यात थोडे मेथीदाणे आणि खडेमीठ घालतात. असोदा तिचं माहेर. तिथे तिची थोरली बहीण, आमची अक्का, शेती बघायची. आमची लेक लता सासरहून आईच्या सेवेला आली होती, तिला शुक्रवारी परतायचं होतं. मंगळवारी जाऊन बुधवारी यायचं मी ठरवलं. घरातून निघून दोनदा परत आलो. एकदा डॉक्टरांचा कागद लताला दाखवायला आणि एकदा तो तिने नीट ठेवला की नाही ते बघायला.

"नाना, जा आता! गाडी जाईल," ती दारातून ओरडली.

धुळ्यातल्या आमच्या देवपूरहून पांझरेचा पूल ओलांडून स्टँडवर यायचं आणि जळगावची लाल गाडी पकडायची. पारोळा, एरंडोल करत तीन तास लागतात. सकाळच्या गाडीत डाव्या बाजूला बसा, उजवीकडे ऊन भाजून काढतं. आश्विनातलं ऊन वैशाखाला लाजवतं. दोन्ही अंगांनी कपाशी फुटत होती, बाजरीची कणसं खुडून झाली होती. एरंडोलला सीताफळं घेतली. डोळे उघडलेली, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा पिवळसर झालेली घ्यावीत, दोन दिवसांत पिकतात. वाटेत फुटतील या भीतीने मी अगदी कडक घेतली, ती शेवटपर्यंत पिकली नाहीत. जळगावहून असोद्याला बस आहे, ती चुकली तर कुणाच्याही मोटारसायकलवर बसा, नाही म्हणत नाहीत.

अक्काने बहिणीची हकीकत ऐकली, पदराने डोळे पुसले आणि लगेच कामाचं बोलली. "पाहुणे, भाकरी बांधून दिल्या तं परवा दुपारपावतर पुरतीन. लता गेल्यावर काय करता मंग?"

"शेजारच्या बाईंना सांगेन."

"शेजारचीनं कळणा पाह्यला तरी आहे का? तुमाले हात नाही का?"

अक्काने मापाने ज्वारी काढली आणि चौथा हिस्सा नवे उडीद. मग त्यातले मूठभर उडीद परत काढून ठेवले. दुखण्यातून उठलेल्या माणसाला उडीद जड पडतात, म्हणून कमी. "हे चक्कीवर नेऊन ठेवा," म्हणाली आणि वांगी तोडायला शेतात गेली.

मी धान्य हातात घेतलं तर धूळ लागली. डॉक्टर म्हणाले होते, टायफॉइड घाणीतून होतो. माझ्या डोक्यात तेच बसलेलं. हापशावर गेलो आणि सगळं धान्य तीन पाण्यांनी चोळून धुतलं. निथळलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि तासाभरात चक्कीवर हजर.

चक्कीवाल्याने डब्यात हात घातला आणि तसाच वर धरला. "आबा, हे दळाले आणलं का पेराले?"

रांगेतल्या बाया हसल्या. एक म्हणाली, "उडदाले मोड येऊ द्या, मंग उसळच करा!"

"असं दळलं तं दगडाले लेप बसीन," चक्कीवाला म्हणाला. "गच्चीवर टाका. उद्याचं ऊन खाऊ द्या."

म्हणजे बुधवारची गाडी गेली. चौकातल्या फोनवरून देवपूरला घराशेजारच्या दुकानात फोन लावला. दुकानदाराने लताला बोलावून आणलं, ती म्हणाली, "नाना, आईने आज एकच घास खाल्ला. तुम्ही धान्य धुवायला गेला होता का तिकडे?"

पण तो एक दिवस मिळाला म्हणून मी स्वयंपाक शिकलो. अक्काने डब्यात उरलेलं, दुखणाइताला जड पडेल असं जास्त उडदाचं जुनं कळण्याचं पीठ काढून मला चुलीसमोर बसवलं. नुसत्या ज्वारीची भाकरी माझ्या हातून भेगाळून पडली असती. कळण्यात उडीद असतात, त्यांनी पीठ धरून राहतं, नवख्याच्याही हाताखाली तुटत नाही. घाई करायची नाही, कडेने थापत जायचं, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं. पहिली भाकरी खानदेशच्या नकाशासारखी झाली. सहावी गोल झाली म्हणाल तर नाही, पण फुगली. अक्का म्हणाली, "फुगली ना? खायाचं गोल कोन पाह्यतं?"

भरताची वांगी हिरवट-पांढरी, मोठी आणि कमी बियांची. ती कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, सालं काढायची आणि लाकडी उखळीत भाजलेली मिरची, लसूण, मीठ घालून ठेचायची. आमच्या घरासाठी तेल वगळून, मिरची नावाला घालून वरून कांद्याची पात चिरून घालायला सांगितली. गंगाफळाची, म्हणजे तांबड्या भोपळ्याची भाजीही शिकवली, फोडी सालासकट, मोहरी-मेथीची फोडणी, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर. तीत गूळ घालावा लागत नाही, या दिवसांतलं गंगाफळ मुळात गोड असतं.

गुरुवारी दळण मिळालं. पीठ, वांगी, अर्धं गंगाफळ आणि काड्यांचा भारा घेऊन गाडीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "सरपणाचं तिकीट काढू का?" पारोळ्याला चढलेला एक शेतकरी भाऱ्यावर पाय ठेवून म्हणाला, "आबा, धुळामा लाकडे नही भेटतस का?" मी सगळी हकीकत सांगितली. त्याने पाय काढला, भारा मांडीवर घेतला आणि धुळे येईपर्यंत खाली ठेवला नाही.

घरी अंगणात घमेल्यात काड्या पेटवल्या. गल्लीभर धूर झाला. लता मदतीला आली, तिला म्हटलं, तू बस, उद्या तू नसशील. एक भाकरी थापली, कडेला जराशी करपली. भरीत वाढलं. ताट नेलं. हेही तिने सरकवलं तर पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

ती उठून भिंतीला टेकली. भाकरी उलटून पाहिली. "ही तुम्ही थापली?"

"हो."

"अक्कानं चुलीपाशी बसू दिलं तुमाले?" आणि हसली. कितीतरी दिवसांनी.

कोर मोडली, भरताला लावली, तोंडात घातली. बराच वेळ चावत राहिली. दुसरी कोर. तिसरी. मी मागे सरकून लताबरोबर दाराच्या आड उभा. तिने बोट फिरवून ताटली पुसली आणि आत हाक मारली, "दुसरी टाकता का?"

मी तवा उतरवून ठेवला होता. दुसरी लागेल असं वाटलंच नव्हतं. परत चढवला.

दिवाळीपर्यंत तिच्या बांगड्या मनगटावर थांबायला लागल्या. त्या फेरीतून मला एवढं मिळालं की घरातलं माणूस आजारी पडलं तर मी नुसता काळजी करत बसत नाही, पीठ मळायला घेतो. काळजी तेव्हाही असतेच, पण हात गुंतलेले असतात. आश्विन-कार्तिकात आमच्याकडे अजून कळणा, बाजरी, गंगाफळ, मेथी असंच खाणं असतं, आणि भाकरी आठवड्यातून दोनदा मी थापतो.

ती आता अठ्ठ्याहत्तरची आहे. परवा म्हणाली, यंदा भरीत झालं नाही. माझे गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत, आणि धुळ्याच्या बाजारातली वांगी तिला चालत नाहीत. तर तुमच्यापैकी कुणी जळगावकडून धुळ्याला येणार असेल, किंवा असोद्यात वांग्यांचा पहिला तोडा निघाल्याचं कुणाला समजलं असेल, तर दोन ओळी टाका. वर्षभर थांबू नका माझ्यासारखे. लवकर कळवा.