‘बघू’चं इंग्रजी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. नव्वदच्या दशकात मी अमेरिकेत, नोव्हाय गावात नवा होतो, गाडी नव्हती. शेजारी कॅनडाहून आलेलं मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं एक म्हातारं मिशनरी जोडपं राहायचं. शेती मुलावर सोपवून दोघं दीड वर्षाच्या सेवेला आली होती. म्हातारबुवांच्या छातीवर ‘एल्डर’ अशी पाटी, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो.

काका टाय लावून सगळ्यांच्या दारातला बर्फ उपसायचे आणि मला भाजीला न्यायचे. चहा त्यांच्या धर्मात बसत नव्हता. पण नुसतं गरम पाणी असं फुरके मारत प्यायचे की मलाच चहाची तलफ यायची.

एकदा गाडीत त्यांनी विचारलं, “सन, बाप्तिस्मा कधी घेतोस?”

तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी आपल्या ‘बघू’चं इंग्रजी केलं, “वी विल सी, काका.”

आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. काकांनी मात्र दुसऱ्याच दिवशी काकूंना बाप्तिस्म्यात घालायची पांढरी पँट माझ्या मापाने शिवायला बसवलं.

जूनमध्ये त्यांच्या सेवेची मुदत संपली. जुलैत तिकडे कॅनडात त्यांच्या नातीचं लग्न होतं, तरी दोघं जाईनात.

“दोन महिने एक्स्टेन्शन घेतलंय,” काका म्हणाले. “तुझी घाई नको व्हायला.”

“अहो, पण लग्न?”

“तिथे सगळं गाव असेल. तुझं इथे कोण आहे?”

तेव्हाही मी नुसता हसलो, आणि ते दोन महिने त्यांच्याच गाडीतून भाजी आणली.

मला धर्म बदलायचा नव्हता, एवढंच सांगायचं होतं. तो एक साधा नकार मी काकांना अजून देणं लागतो.