सही कितीवर, हातात किती

राऊतबाईंनी माझं नाव तिसऱ्या दिवशी विचारलं. पगार पहिल्याच दिवशी विचारला होता.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आर्वीच्या एसटी डेपोत मी कारकून म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि भाड्याच्या खोलीसमोर सायकलरिक्षातून ट्रंक उतरवत होतो. शेजारच्या ओट्यावर एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. चाळिशीच्या, सावळ्या, जाड काचांचा चष्मा लावलेल्या. सुपावर झुकलेली मान वर न करता त्या म्हणाल्या, "एसटीत लागले ना? किती देतात?"

मी गडबडलो. "पुरतो," म्हणालो.

"पुरतो हा काई आकडा नाई, भाऊ." आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी हायस्कूलात मास्तरीण हाय. सही करते चारशे वीसवर, हातात येतात तीनशे दहा. आकडाबी मेला चारशे वीसच निघाला!" आणि त्या मोठ्याने हसल्या. हसावं की नाही ते मला कळेना. आमच्या घरात वडिलांचा पगार आईलासुद्धा कधी नेमका माहीत नव्हता. मी खाली मान घालून माझा आकडा सांगून टाकला. त्यांनी तो ऐकला, मान हलवली आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या.

पुढे कळलं की त्या सगळ्यांनाच विचारतात. बसच्या कंडक्टरला, दवाखान्यातल्या कंपाउंडरला, नगरपालिकेच्या चपराशाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला. विचारण्याआधी किंवा लगेच नंतर स्वतःचा आकडा सांगायच्या, त्यामुळे समोरच्याला लपवणं अवघड जायचं. एकदा मी म्हणालो, "बाई, लोकांना हे आवडत नाही." त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला अजून त्यांच्याच शब्दांत आठवतं.

"माही माय कापूस वेचाले जाये. सकाळी बाया निघाल्या की या वाटेवरच्या त्या वाटेवरच्यांले ओरडून विचारत, आज काय भाव देऊन राह्यला तुमचा मालक? ज्या वावरात दोन पैसे जास्त, तिकडं सगळ्या वळत. मालक लोक त्यांले भिऊन राहत. कोणालेच लाज वाटत नोती. आम्ही शिकलो अन् लाज वाटाले लागली. कोणाच्या फायद्याची हाय ही लाज, सांगा बरं?"

दहावीच्या वर्गात शेवटच्या तासाला त्या इतिहास बाजूला ठेवायच्या आणि कोणत्या कामात काय मिळतं ते पोरांना सांगायच्या. तलाठ्याला काय मिळतं, फिटरला काय मिळतं, शिकताना कुठे पैसे भरावे लागतात आणि कुठे उलट मिळतात. बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईच्या मुलीला त्यांच्याकडूनच कळलं की नर्सच्या शिक्षणात दरमहा विद्यावेतन मिळतं. ती मुलगी नागपूरला गेली आणि नर्स झाली. ही एक गोष्ट बाई फार अभिमानाने सांगत. एरवी अभिमानाचं त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. नवरा, राऊतभाऊ, कापसाच्या जिनात वजनकाट्यावर होता. हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. उरलेलं वर्ष घर बाईंच्या हातात येणाऱ्या त्या तीनशे दहावर चालायचं. भाऊ इतके अबोल होते की पहिले कित्येक महिने मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

पगारातून कापलेल्या पैशाला शाळा चालवणाऱ्या संस्थेत 'इमारत निधी' म्हणत. इमारतीची एक भिंत मी आलो तेव्हा छातीएवढी होती आणि पुढेही तेवढीच राहिली. अध्यक्षांना, म्हणजे भाऊसाहेबांना, मधल्या काळात नवा ट्रॅक्टर आला.

हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक होतं. पण शिक्षकांच्या खोलीत बाईंनी विषय काढला की कोणी वह्या तपासायला घ्यायचं, कोणी पाणी प्यायला उठायचं. एवढी भीती कशाची, हे बाईंना उमगत नव्हतं. म्हणून एका पौष महिन्यातल्या रविवारी त्यांनी आपल्या भावाच्या मळ्यात रोडग्यांचं जेवण ठेवलं आणि सगळ्या शिक्षकांना बोलावलं. शेजारी म्हणून मलाही. मी आणि राऊतभाऊ गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे फिरवत होतो.

पत्रावळींवर वांग्याची भाजी वाढून झाली, रोडगे तुपात बुडाले आणि बाई म्हणाल्या, "आता एक काम करू. हातात किती येतात ते प्रत्येकानं सांगायचं. माझे तीनशे दहा."

"बाई, जेवताना कायले हा विषय?" कोणीतरी कुरकुरलं.

"जेवणाचाच तर विषय हाय, सर."

मग विज्ञानाचे शिक्षक घास चावता चावता म्हणाले, "तीनशे पस्तीस." इंग्रजीचे म्हणाले, "दोनशे नव्वद." सह्या सगळ्यांच्या जवळपास सारख्याच रकमेवर होत्या, आणि तरी प्रत्येकाचा आकडा निराळा निघत होता. शेवटी चित्रकलेचे मानकर सर उरले. पत्रावळीकडे पाहत ते म्हणाले, "दोनशे चाळीस."

"दोनशे चाळीस?" बाईंचा आवाज चिरकला. "अन् तुम्ही गप्प बसून राह्यले?"

"मले मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं," मानकर सर म्हणाले, "की तुमची परिस्थिती पाहून तुमच्याकडून कमी घेतो. बाकीच्यांजवळ बोलू नका, त्यांचे जास्त कापतो."

"मलेही हेच सांगितलं," इंग्रजीचे म्हणाले.

"मलेही."

आपल्यावर खास मेहेरबानी आहे असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि ती मेहेरबानी जाऊ नये म्हणून प्रत्येक जण गप्प होता. मानकर सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या दुपारी मळ्यात ठरलं, पूर्ण रक्कम हातात पडेपर्यंत कोणीच सही करायची नाही. सगळ्यांनी हो म्हटलं. परतताना बाई बैलबंडीत बसून गाणं गुणगुणत होत्या. मी त्यांना तसं पुन्हा पाहिलं नाही.

पगाराच्या दिवशी चपराशी एकेकाला मुख्याध्यापकांच्या खोलीत वेगळं बोलवायला आला. आत प्रत्येकाला सांगण्यात आलं की यापुढे तुमचे वीस रुपये कमी कापू, पण हे आपल्यातच राहू द्या. एकेक जण आत गेला आणि सही करून बाहेर आला. बाईंचा नंबर शेवटी लावला होता. त्यांनी सही केली नाही. त्या महिन्यात त्यांना पगार मिळाला नाही, पुढच्या महिन्यातही मिळाला नाही.

तिसऱ्या महिन्यात त्यांच्यावर आरोप ठेवले. वर्गात अभ्यासक्रम सोडून पैशाची भाषा करतात हा एक. दुसरा आरोप लिहिणाऱ्याने फार सांभाळून लिहिला होता: परक्या पुरुषांना त्यांची मिळकत विचारतात. एवढं पुरेसं होतं. आठ दिवसांत गावभर त्याचा अर्थ लावून झाला. ज्या बायका ओट्यावर बसून बाईंकडून मुलाच्या नोकरीचा सल्ला घेत, त्या दुसऱ्या गल्लीतून जाऊ लागल्या. डेपोत मलाही एकाने डोळा मारून विचारलं, "तुमची शेजारीण तुम्हाले काय काय विचारते जी?" मी त्याच्याशी पुन्हा बोललो नाही, पण त्याने काय होणार होतं?

चौकशीला वर्ध्याहून अधिकारी आले. मी रजा टाकून राऊतभाऊंबरोबर शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. दार उघडं होतं. ज्यांनी मळ्यात आकडे सांगितले होते ते एकेक करून उभे राहिले आणि प्रत्येकाने तेच वाक्य म्हटलं, "मला पूर्ण पगार मिळतो." मानकर सर आले तेव्हा बाई खुर्चीत थोड्या पुढे सरकल्या. मानकर सरांनी भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला पूर्ण पगार मिळतो."

बाहेर पडताना बाईंनी त्यांना पायरीवर गाठलं. आवाज चढवला नाही. "मानकर सर, पूर्ण म्हंजे किती?"

ते चपला शोधत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "बाई, माह्या पोरीचं लग्न काढलं हाय."

बाईंना काढून टाकलं. त्यांनी नागपूरला दाद मागितली, तारखा पडत गेल्या, आणि पुढे वकिलाला द्यायला पैसे नव्हते म्हणून ते सुटलं. त्यांनी शिलाई मशीन घेतलं. साड्यांना फॉल लावायच्या, ब्लाउज शिवायच्या. शिकवण्या मिळत नव्हत्या, कारण शाळेत पोरांना त्रास होईल अशी आईबापांना धास्ती होती. राऊतभाऊ हंगाम संपला की दुसऱ्याच्या दुकानात माल मोजायला जाऊ लागले. मला वाटलं होतं, आता तरी बाई विचारणं सोडतील. सोडलं नाही. ब्लाउजचं माप घेतानाही विचारायच्या, "तुमच्या मालकाले किती मिळतात?" गिऱ्हाईक बाई तोंड फिरवायची.

काही वर्षांनी शिक्षकांचे पगार बँकेतून व्हायला लागले. शाळेत पेढे वाटले गेले. वाटताना राऊतबाईंची आठवण कोणाला झाली नाही, निदान त्यांच्या दारात पेढा आला नाही. बाईंना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट त्या दिवशी त्यांनी मला बोलावून चहा पाजला. "माह्यं जाऊ द्या," म्हणाल्या, "पण आता कापाले कोणाच्या बापाची ताकद नाई."

बँक आमच्या डेपोच्या समोरच होती. पुढच्याच महिन्यात मी पैसे भरायला गेलो तर तिथे शिक्षक रांगेत होते. खिडकीतून नोटा घ्यायचे, बाजूला येऊन मोजायचे, त्यातल्या काही वेगळ्या करायचे आणि बाकावर बसलेल्या शाळेच्या चपराशाच्या पिशवीत टाकायचे. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

हे बाईंना सांगावं की नाही, याचा मी संध्याकाळपर्यंत विचार केला. शेवटी सांगितलं, कारण दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर त्यांना मी परका वाटलो असतो. मशीनवरचा त्यांचा पाय थांबला.

"कोणी एकमेकाले विचारलं का, तू किती टाकले म्हणून?"

"नाही, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पाय पुन्हा चालू झाला.

त्यानंतर त्यांनी कोणाला पगार विचारल्याचं मी ऐकलं नाही. माझी बढती झाली तेव्हा मी आपणहून आकडा सांगायला गेलो. त्यांनी "छान झालं" म्हटलं आणि आकडा सांगू दिला नाही.

दोनेक वर्षांनी त्यांच्या किडनीचं दुखणं निघालं. वर्ध्याला नेलं, आणलं, पुन्हा नेलं. वैशाखात त्या गेल्या. वय पन्नाशीच्या आसपास.

त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी फार लावून धरलं म्हणून शाळेत शोकसभा झाली. तोपर्यंत मानकर सर मुख्याध्यापक झाले होते. केस पांढरे, अंगात नवं जाकीट. ते चांगलं बोलायचे. म्हणाले, "राऊतबाईंनी आयुष्यभर पैशाकडे पाहिलं नाही. शिक्षण हे त्यांचं व्रत होतं. अशी निःस्पृह शिक्षिका आता होणे नाही." समोर बसलेले शिक्षक माना हलवत होते.

माझ्या शेजारून राऊतभाऊ उठले. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये, बाहेर जातील. ते जागेवरच उभे राहिले.

"खोटं हाय हे," ते म्हणाले. "तिले पैसे पाह्यजे होते. तिचे होते ते. तुमचेबी होते, म्हणून मांगत होती."

भाऊ अजून काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. मानकर सरांनीही क्षणभर पाहिली असावी. मग ते घाईघाईने म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं मौन पाळू या."

सगळे उठून उभे राहिले आणि गप्प राहिले.