दोन मिनिटं ओलं राहू द्या

भालेरावांना जाऊन महिना झाला, पण शेवटची भेट आठवली की अजून हात धुवावेसे वाटतात. मांजरी गावाकडच्या नव्या, काचेच्या रुग्णालयात ते अतिदक्षता विभागात होते. मी जवळ जाताच त्यांनी बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा काढून माझ्या नाकाशी धरला. "सिस्टर, वास घ्या." घेतला. कुणाचा तरी घाम, कुणाची तरी जेवलेली बोटं... आतल्या गादीवर काळपट थर. जन्मभर दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाच्या चिरलेल्या, पिवळं मलम लावलेल्या बोटाला हा चिमटा. मला किळस आली आणि रागही.

आमची ओळख बिबवेवाडीतल्या छोट्या इस्पितळातली. मी तिथे मुख्य परिचारिका होते. परदेशी माल सहज मिळू लागला होता आणि आमच्याकडेही ईसीजीचं नवं यंत्र आलं. खंडेनवमीला आम्ही थाटात त्याची पूजा केली, हळद-कुंकू वाहिलं, फुलानं पाणी शिंपडलं. यंत्र बंद पडलं. भालेराव आले. आधी प्लग काढला, मग झाकण. आत कुंकवाचा चिखल, आणि तारांच्या टोकांना कितीतरी छात्यांचा घाम नि वाळलेली जेल. "पूजा वर्षातून एकदा तरी होते. पुसणं तेवढंही नाही," ते म्हणाले. इस्पितळ चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई चिडल्या. "तुमच्यात नसेल, आमच्यात असते पूजा." भालेराव बौद्ध, रोख त्यांना बरोबर कळला. त्यांनी यंत्राचं रिकामं खोकं उचलून टेबलावर ठेवलं. "मग याची करा. हे बिघडत नाही."

पुढं इस्पितळ बंद होईपर्यंत आम्ही खोक्याला हार घातला आणि यंत्र त्यांच्या पद्धतीनं पुसलं. प्लग काढायचा, हात कोरडे करायचे, फडका जंतुनाशकात भिजवून थेंब गळणार नाही इतका पिळायचा. यंत्रावर थेट काही शिंपडायचं नाही. पुसल्यावर दोन मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि पूर्ण वाळल्याशिवाय चालू करायचं नाही.

त्या शेवटच्या भेटीत मी अतिदक्षता विभागातल्या नर्सला चिमटा दाखवला. "मॅम, क्लीनिंग डेली होतं, सिस्टीममध्ये एंट्री आहे," म्हणत तिनं संगणकावरची हिरवी खूण दाखवली आणि फवाऱ्याची बाटली थेट चालू मॉनिटरवर रोखली. मी तिचा हात धरला. चिमट्याची तार मॉनिटरमधून सोडवून घेतली, फडका पिळला, चिमटा पुसला. फडक्यावर जे आलं ते लिहवत नाही. भालेराव घड्याळाकडे बघत होते. वाळल्यावर त्यांनी आपणहून बोट पुढं केलं...

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. दुपारी त्यांचा राहिलेला चष्मा आणायला मी भालेराववहिनींबरोबर पुन्हा वर गेले, तर त्या खाटेवर दुसरे आजोबा होते. बोटाला तोच चिमटा, त्यावर भालेरावांच्या मलमाचा पिवळा डाग तसाच. संगणकावर हिरवी खूण. त्या चकचकीत फरशीवर थुंकावंसं वाटलं.

नर्सकडून जंतुनाशक मागून घेतलं, पर्समधला फडका काढला. आजोबांना विचारून चिमटा सोडवला, पुसला. मला तिथून निघायची घाई झाली होती. लगेच कोरड्या कापडानं टिपायला गेले. घरी जन्मभर हेच ऐकत आलेल्या वहिनींनी माझं मनगट धरलं.

"दोन मिनिटं ओलं राहू द्या," त्या म्हणाल्या.